मंजनवाल्याची पारख

वर्ध्यात इंदिरा पांढरीपांडेनं दातांचा दवाखाना उघडला ते साल होतं एकोणीसशे चौऱ्याहत्तर. पहिले सहा महिने लोक नुसती पाटी वाचून पुढे जात. बाईच्या हातात पकड पाहिली की चांगले धट्टेकट्टे गडी खुर्चीतून उठत, "उद्या येतो" म्हणत, आणि तो उद्या काही उगवत नसे. पण तिचा हात हलका होता, बोलणं सरळ होतं. चारेक वर्षांत सेलू, देवळी, पुलगावपासून लोक 'दातवाल्या बाई'चं घर विचारत येऊ लागले.

इंदिरा तशी शांत स्वभावाची. मात्र एका जमातीचं नाव काढलं की तिच्या कपाळाची शीर उठायची. ती जमात म्हणजे बाजारात मंजन विकणारे. दवाखान्याच्या पहिल्याच वर्षी एक तरणा शेतकरी तिच्याकडे आला होता. कुठल्याशा बाजारात एकानं कापसाच्या बोळ्यानं त्याचे दात घासून शंखासारखे पांढरे करून दिले होते. बोळा तेजाबाचा होता. वर्षभरात त्याचे समोरचे दात खडूसारखे झडले. त्याचं ते तोंड तिच्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही. मंजनवाले सगळे एकाच माळेचे मणी, असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत तळेगावहून (श्यामजी पंत) बबनराव नावाचे एक शेतकरी आपल्या बायकोला घेऊन आले. आर्वीवरून एसटीनं येता येता त्यांना दुपार झाली होती. बायको कोकिळा, वय पंचविशीच्या आत, अंगानं काटक. तिनं तोंडाला पदर लावला होता आणि खुर्चीत बसेपर्यंत तो काढला नाही.

"जेवता येत नाई जी," बबनराव म्हणाले. "भाकरीसंगं नुसतं दूध खाऊन राह्यली दोन महिन्यांपासून."

कोकिळेनं तोंड उघडलं आणि इंदिरा हातातला आरसा तसाच धरून राहिली. दात कुठे किडलेले नव्हते, घाण साचलेली नव्हती, दातातून पू नव्हता. पण वरखालच्या हिरड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक होत्या, मखमल लावल्यासारख्या, फुगलेल्या. ओठांचे कोपरे चिरलेले. कापूस नुसता टेकवला तरी रक्त यायचं.

"दुखतं का गं?"

"दुखत नाई. आग होते," कोकिळा म्हणाली. "मिरचीचा कण लागला का जीव जाते."

इंदिरेनं जे करायचं ते सगळं केलं. दात साफ केले, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. पंधरा दिवसांनी कोकिळा परत आली ती जशीच्या तशी. उलट दोन गोष्टी आणखी वाईट झाल्या होत्या. गावातल्या लग्नात पंगतीला तिच्या शेजारची बाई पान उचलून दुसरीकडे जाऊन बसली. आणि हा रोग लागट आहे असं घरोघर झालं.

"मग घरी काय म्हणतात?" इंदिरेनं विचारलं.

कोकिळा पहिल्यांदा हसली. "माह्या सासूनं त्याच पंगतीत माहा गिलास उचलला अन् सगळ्याईसमोर त्यातलं पाणी पेली. म्हणे, लागू दे मले."

ही सासू मनकर्णाबाई. इंदिरेनं तिला अजून पाहिलं नव्हतं, पण तेव्हापासून तिच्याबद्दल मनात एक आदर बसला.

इंदिरेनं हिरडीचा तांदळाएवढा तुकडा काढून नागपूरला तपासणीला पाठवला. कागद आला त्यात लिहिलं होतं की हिरडीत प्लाझ्मा नावाच्या पेशींची नुसती गर्दी झाली आहे. रक्ताचा काही मोठा आजार नाही ना, ते पाहून घ्यावं. त्या पेशी रक्ताच्या कर्करोगातही अशाच वाढतात, हे ती शिकली होती. कोकिळेला तिनं काही सांगितलं नाही, पण रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. आठ दिवस तिला स्वतःला अन्न गोड लागलं नाही. रक्त स्वच्छ निघालं.

मग रोग तरी कोणता? एका रविवारी ती नागपूरला गेली आणि आपल्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथपालाच्या हातापाया पडून जुनी मासिकं उघडून बसली. दुपारी चारच्या सुमाराला तिला ते पान सापडलं. परदेशात दहा वर्षांपूर्वी काही माणसांच्या हिरड्या हुबेहूब अशाच लाल झाल्या होत्या. ती माणसं एक सुगंधी चघळगोळी, म्हणजे च्युइंगगम, खात होती. गोळीतलं काहीतरी त्यांच्या अंगाला सोसत नव्हतं. गोळी बंद केली, हिरड्या बऱ्या झाल्या. फार क्वचित आढळणारा आजार, असं खाली लिहिलं होतं.

पुढच्या खेपेला तिनं कोकिळेला समोर बसवलं. "उठल्यापासून निजेपर्यंत तोंडात काय काय जातं, सगळं सांग."

कोकिळेनं चहापासून सुरुवात केली. भाकरी, वरण, पालेभाजी, ठेचा. पान नाही, तंबाखू नाही, दातांना लावायची तंबाखूची गुडाखू तर नाहीच. चघळगोळी तिनं जन्मात पाहिली नव्हती.

"अन् दात कशानं घासतेस?"

"प्रेमदासच्या मंजनानं. बाजारात येते नं तो. लय चांगलं वास येते त्याले."

इंदिरेच्या कपाळाची शीर उठली. "आजपासून ते बंद. कडुनिंबाची काडी घे."

तीन आठवड्यांनी लाली निम्म्यावर आली. पण तिथेच थांबली. म्हणजे मंजनात काहीतरी आहे, आणि तेच आणखी कुठून तरी पोटात जातं आहे. ते काय, हे एकच माणूस सांगू शकत होता. इंदिरेनं बाजाराचा दिवस विचारून घेतला आणि त्या दिवशी दवाखाना बंद ठेवून सकाळच्या गाडीत बसली. वाटेत तिनं त्या माणसाला काय काय सुनवायचं त्याची उजळणी केली. आर्वी येईपर्यंत ते भाषण चांगलंच लांब झालं होतं.

तळेगावच्या बाजारात प्रेमदासला शोधावं लागलंच नाही. कांदे-लसणाच्या ओळीच्या टोकाला माणसांचं कोंडाळं होतं आणि मधून खणखणीत आवाज येत होता. "खोटं बोलीन तं जीभ झडन! पाय बाप्पा, पन्नाशी गाठली, बत्तीसच्या बत्तीस जाग्यावर!" पांढरं धोतर, डोक्याला टोपी, पुढे सायकलच्या कॅरियरवर पत्र्याची पेटी. तो डबी विकत होता खरा, पण डबी देण्याआधी प्रत्येकाला म्हणे, "आऽ कर." आणि गिऱ्हाइकाची हनुवटी धरून उन्हाकडे वळवून आत पाही.

कोकिळा, बबनराव आणि मनकर्णाबाई मागे उभे होते. इंदिरा कोंडाळ्यातून पुढे गेली.

"तुम्ही प्रेमदास? मी वर्ध्याची दातांची डॉक्टर. तुमच्या मंजनानं या बाईच्या हिरड्या सडायची वेळ आली. त्यात काय घालता ते आत्ता सगळ्यांसमोर सांगा."

इंदिरेला वाटलं, आता हा आवाज चढवील, नाहीतर पेटी उचलून पळेल. प्रेमदासनं तिच्याकडे पाहिलं, कोकिळेकडे पाहिलं. मग पेटीचं झाकण लावून कडी घातली.

"आज विक्री बंद हाय, घरी जा बाप्पा," तो लोकांना म्हणाला. आणि कोकिळेजवळ येऊन अगदी हळू म्हणाला, "बाई, मले पाहू दे."

त्यानं तिची हनुवटी धरली नाही. हात मागे बांधून वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं बाजारी हसू पुसून गेलं होतं.

"हे मी पाह्यलं हाय," तो म्हणाला. "दोन जागी. कारंज्याले हायवेवर रूपरावचा ढाबा हाय, त्या रूपरावच्या तोंडात. अन् आष्टीच्या शायेतल्या मास्तरीण विमलाबाईच्या. अशीच लाली, असेच ओठ चिरलेले."

"कधीपासून?" इंदिरेचं भाषण कुठल्या कुठे गेलं होतं.

"तेच आठवून राह्यलो." त्यानं डोळे मिटले. "मांगच्या दसऱ्याले दोघाईचं तोंड चांगलं होतं. संक्रांतीले रूपराव म्हणे आग होते. मी त्याले म्हटलं..." तो थांबला. "मी त्याले म्हटलं, अजून जोरानं घास. दोन टाइम घास. मी म्हटलं, बाई."

पलीकडे कांदेवाला मोठ्यानं ओरडत होता.

"दसरा अन् संक्रांतीच्या मंधात," प्रेमदास स्वतःशीच बोलत होता, "दिवाई. दिवाईपासून मी मंजनात दालचिनी टाकून राह्यलो. आधी नोती. लोक म्हणत, वास पाहिजे, कंपनीच्या मंजनासारखा. म्हून टाकली, अन् चांगली मूठ भरून टाकली. बाकी सगळं माह्या मामाच्या हातचं हाय, बावीस वर्षांपासून तेच."

"बाकी काय?"

इथे तो अडखळला. मंजनवाल्याचा नुस्खा म्हणजे त्याची जमीन. मामानं तो देताना मारुतीच्या पायाशी शपथ घ्यायला लावली होती, हे इंदिरेला त्यानं पुढे कधीतरी सांगितलं. त्या दिवशी तो फक्त एकदा मारुतीच्या देवळाच्या दिशेनं पाहून हात जोडता झाला, आणि मग भर बाजारात सगळं सांगून मोकळा झाला. खडूची भुकटी, बाभळीची साल, हिरडा, तुरटी, सैंधव, गेरू, लवंग, कापूर. किती भाग, कसं कुटायचं, कोणत्या फडक्यातून गाळायचं, सगळं. इंदिरा आपल्या वहीत लिहून घेत होती. तेजाबाचा त्यात थेंब नव्हता.

"दालचिनी तं माह्या मसाल्यातही हाय," मनकर्णाबाई एकदम म्हणाली. ती उंच, वाळकी, करड्या केसांची बाई इतका वेळ मुकाट ऐकत होती. "वरणात तोच, भाजीत तोच. पण तो तं माही सासू करे तसाच हाय. मंग इतके दिवस काऊन नाई झालं?"

त्या प्रश्नातच इंदिरेला उत्तर सापडलं. "मावशी, भाजीतली दालचिनी चिमूटभर. मंजनातली रोज हिरडीवर चोळलेली. एकदा अंगानं त्या जिनसेशी वैर धरलं की मग चिमूटही सोसत नाही."

मनकर्णाबाई त्याच पावली घरी गेली. वर्षाचा मसाला नुकताच कुटून बरणीत भरला होता. तो तिनं जावेच्या घरी देऊन टाकला आणि दालचिनी वगळून नवा कुटायला घेतला. तीन आठवड्यांनी कोकिळा वर्ध्याला आली तेव्हा तिच्या तोंडाला पदर नव्हता. हिरड्या गुलाबी झाल्या होत्या. तिनं डब्यातून ठेचा-भाकरी आणली होती आणि ती इंदिरेसमोर बसून खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते मिरचीनं की कशानं, इंदिरेनं विचारलं नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण त्याच दिवशी प्रेमदासही सायकल एसटीवर टाकून वर्ध्याला आला होता.

"बाई, मले दालचिनीचा वहीम हाय," तो म्हणाला. "पण वहीम म्हंजे पुरावा नोय. उद्या लवंगेचा दोष निघाला तं मी पुन्हा कोणाचं तोंड जाळीन." त्यानं चार पुड्या टेबलावर ठेवल्या, एक ते चार आकडे घातलेल्या. "एकात माहं जुनं मंजन, दिवाईच्या आधीचं. बाकी तिघात नुसता खडू, अन् त्यात एकेक जिन्नस. कोणत्यात काय ते मलेच ठाऊक. कोकिळाबाईले सांगाचं नाई. नाव वाचलं का माणूस भेते, अन् भेलं का आग होतेच." मग त्यानं खिशातून एक चिकटवलेलं पाकीट काढून इंदिरेच्या हाती दिलं. "यात लिहून ठेवलं हाय. तुमीही आता उघडू नका."

इंदिरा त्याच्याकडे पाहतच राहिली. ही रीत तिला कॉलेजात चौथ्या वर्षी शिकवली होती. सातवी नापास झालेल्या या माणसानं ती कांदे-लसणाच्या ओळीत बसून स्वतः शोधली होती.

"पण तिला पुन्हा त्रास होईल," ती म्हणाली. "बरी झालेली बाई आहे. मी कशी सांगू?"

"मले इचारा नं," कोकिळा म्हणाली. तिनं पुड्या पदरात बांधल्यासुद्धा. "इतके महिने दूधभाकरी खाल्ली. अजून चार दिवस खाईन. पण कायनं झालं ते मले पक्कं समजलं पाहिजे. उद्या माही पोरगी होईन, तिले काय सांगू?"

एकेक पुडी दहा दिवस, मधे काही दिवस काडी, असं ठरलं. आग झाली की त्याच घडीला थांबायचं, हे इंदिरेनं तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. पहिली पुडी निघून गेली, काही नाही. दुसरी गेली. तिसरीच्या तिसऱ्या दिवशी आग सुरू झाली, आणि कोकिळा पाचव्या दिवशी दवाखान्यात हजर झाली. पुढचे दात जिथे घासले होते तिथे लालीची पट्टी उठली होती. इंदिरेनं पाकीट फोडलं. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: तीन, दालचिनी.

"झालं, संपलं," इंदिरा म्हणाली. "आता फेकून दे ते सगळं."

"चौथी राह्यली नं," कोकिळा म्हणाली.

तोंड बरं झाल्यावर तिनं चौथीही संपवली. ती लवंगेची होती. काही झालं नाही.

प्रेमदासनं मात्र त्या उन्हाळ्यात विक्री केलीच नाही. दिवाळीपासून ज्या ज्या गावच्या बाजारात डबी दिली होती, ते ते गाव तो सायकलनं पालथं घालत होता. कारंजा, आष्टी, साहूर, आर्वी. घरोघर जाऊन डबी परत घ्यायची, जुनं मंजन द्यायचं, आणि तोंड पाहायचं. इंदिरेनं त्याला समजावलं की हजारात एखाद्यालाच हे होतं, बाकीच्यांना दालचिनी सोसते, तुमचा गुन्हा काही नाही.

"ते खरं हाय," तो म्हणाला. "पण तो एक कोणता, ते दारावर लिहून नाई ठेवत कोणी. पाहाच लागते."

रूपराव आणि विमलाबाई महिनाभरात बरे झाले. गावं फिरता फिरता प्रेमदासनं आणखी एक पकडला, पण तो या रोगाचा नव्हता. गालाच्या आत पांढरा चट्टा असलेला एक म्हातारा. प्रेमदासनं स्वतः तिकीट काढून त्याला इंदिरेकडे आणलं. कर्करोगाची सुरुवात होती; वेळेवर आणलं म्हणून तो वाचला. त्या दिवसापासून इंदिरेनं मंजनवाल्यांबद्दल सरसकट बोलणं सोडलं.

एक्क्याऐंशीच्या डिसेंबरात नागपूरला विदर्भातल्या दातांच्या डॉक्टरांची बैठक होती. इंदिरेनं ही हकीकत लिहून पाठवली होती आणि ती वाचायला तिला बोलावणं आलं. तिनं प्रेमदासला सोबत नेलं. तो इस्त्रीचं धोतर नेसून शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसला, कुणी उठवील या भीतीनं खुर्चीच्या अगदी काठावर.

इंदिरेचं वाचन संपलं. पुढच्या रांगेतून एक वयस्क प्राध्यापक उठले. मोठं नाव असलेले, कडक. "पहिली रोगी तुमच्याकडे आली, ठीक. पण हे ढाबेवाले आणि या शिक्षिका तर तुमच्याकडे आलेच नव्हते. ते तुम्हाला सापडले कसे? आणि दालचिनीचं कुणाच्या डोक्यात आलं?"

"ते मी केलेलं नाही, सर," इंदिरा म्हणाली. "ज्यांनी केलं ते मागे बसले आहेत. मंजन त्यांचंच होतं."

सगळं सभागृह वळून पाहू लागलं. प्रेमदास उठला. दोन हात जोडले आणि हळूच 'नमस्कार जी' म्हणाला. बाजारात अर्ध्या मैलावर ऐकू जाणारा तो आवाज पुढच्या रांगेपर्यंतही पोचला नाही.

"तुमचंच मंजन वाईट निघालं, हे चारचौघांत कबूल करताना भीती नाही वाटली?" प्राध्यापकांनी विचारलं. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"वाटली नं जी," प्रेमदास म्हणाला. "लय वाटली. घरी माही बायको आनंदाबाई म्हणे, आता पोटाले काय खाचं? पण रूपराव, साहेब, मले बारा वर्षांपासून ढाब्यावर जेऊ घालून राह्यला. कधी पैसा नाई घेतला. तो मले वाढे अन् स्वतः नुसतं ताक पिऊन बसे. त्याच्या तोंडाकडे पाह्यलं का माहा घास उतरत नोता." थोडं थांबून तो म्हणाला, "मी तोंडं पाहातो जी. बावीस-चोवीस वर्षं झाली. डबी सगळेच इकतात. मले पाहाची सवय लागली, बस."

टाळ्या वाजल्या, पण इंदिरेला टाळ्यांपेक्षा नंतरचं जास्त आठवत राहिलं. चहाच्या सुट्टीत ती हातात दोन कप घेऊन बाहेर व्हरांड्यात आली. कोवळं ऊन पडलं होतं. प्रेमदास कठड्याशी उभा होता आणि त्याच्याभोवती सात-आठ डॉक्टर, मोठमोठ्या पदव्यांचे, सुटाबुटातले. सगळ्यांत पुढे ते प्राध्यापक. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता, मान मागे टाकली होती आणि उन्हाकडे तोंड करून 'आ' केला होता.

प्रेमदास हात मागे बांधून वाकून पाहत होता.

"साहेब," तो म्हणाला, "तुमी उजव्या बाजूनं चावत नाई. वरची तिसरी दाढ त्रास देऊन राह्यली. दाखवली काऊन नाई कोणाले?"

प्राध्यापकांनी तोंड मिटलं. आजूबाजूला पाहिलं. "वेळच मिळत नाही हो," ते म्हणाले, आणि मागचा माणूस पुढे सरकला.